पुंगळी खिडकीत अडकते तेव्हा: एक्स्ट्रॅक्टर बदलण्याआधी काय पाहावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. 9 मिमीचं सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल, त्यातून दोनेक हजार फैरी झालेल्या. अलीकडे दर एक-दोन मॅगझिनमागे एखादी रिकामी पुंगळी, म्हणजे गोळी सुटल्यावर उरणारं काडतुसाचं कवच, बाहेर न उडता स्लाइडच्या (पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाच्या) खिडकीत उभी अडकते. मालकानं पिस्तूल साफ केलं, भरपूर तेल घातलं, तरी फरक पडला नाही. आता पुंगळी ओढून काढणारा एक्स्ट्रॅक्टर नवा मागवावा, की तिला बाहेर उडवणाऱ्या इजेक्टरचं टोक थोडं घासून पाहावं?

आज तरी दोन्ही करू नका. इजेक्टरवर कानस तर अजिबात नको. पुंगळी नीट उडत नाही म्हटल्यावर उडवणाऱ्या भागावरच संशय जातो, पण माझ्या अनुभवात अशा बहुतेक तक्रारींमध्ये एक्स्ट्रॅक्टर आणि इजेक्टर दोन्ही निर्दोष निघतात. दोष असतो स्लाइडच्या वेगात.

असं का, ते समजायला पिस्तुलाच्या आत काय घडतं हे एकदा डोळ्यांसमोर आणा. बहुतेक 9 मिमी पिस्तुलांत गोळी सुटली की नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकलेल्या अवस्थेत काही मिलिमीटर मागे येतात. मग नळीचं मागचं टोक खाली झुकतं, दोघांची सोबत सुटते आणि स्लाइड एकटी मागे जाते. एक्स्ट्रॅक्टरच्या नखानं पुंगळीची कड धरलेली असते, त्यामुळे पुंगळी चेंबरमधून, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या काडतूस बसण्याच्या पोकळीतून, ओढली जाते. मागे जाता जाता तिच्या बुडाची दुसरी बाजू इजेक्टरवर आपटते. एका बाजूनं नखानं धरलेली आणि दुसऱ्या बाजूनं ठोकर बसलेली पुंगळी नखाभोवती गिरकी घेऊन खिडकीतून बाहेर पडते.

यात लक्षात घ्यायची गोष्ट म्हणजे बहुतेक पिस्तुलांत इजेक्टर हा फ्रेमला, म्हणजे हातात धरायच्या खालच्या सांगाड्याला, घट्ट बसवलेला धातूचा एक स्थिर तुकडा असतो. ब्राउनिंगच्या 1911 या पिस्तुलात तो फ्रेमवर पिननं बसवलेला असतो, ग्लॉकमध्ये ट्रिगरच्या मागच्या हाउसिंगमध्येच रोवलेला असतो. त्याच्यात स्वतःची ताकद काहीच नसते. पुंगळी जितक्या वेगानं त्याच्यावर येऊन आदळेल तितकी ती लांब उडणार. स्लाइड रेंगाळली तर ठोकर हलकी बसते, पुंगळी आळसावल्यासारखी वळते आणि बाहेर पडण्याआधीच परतीच्या वाटेवरची स्लाइड तिला चिमटीत पकडते. तुमची खिडकीत उभी राहिलेली पुंगळी ती हीच.

म्हणून खरा प्रश्न असा की स्लाइड का रेंगाळते. कारणं मोजकी आहेत: काडतूस कमी ताकदीचं, स्लाइडला पुन्हा पुढे ढकलणारी रिकॉइल स्प्रिंग गरजेपेक्षा कडक, पिस्तुलाची पकड सैल, किंवा स्लाइडच्या वाटेत घर्षण. या चारही गोष्टी तपासून झाल्यावर मग एक्स्ट्रॅक्टरकडे वळायचं. क्रम महत्त्वाचा आहे, कारण पहिल्या तपासण्यांना फारसं काही लागत नाही आणि त्यातून पिस्तुलाचं नुकसान होत नाही.

सुरुवात पुंगळ्यांपासून करा. पुढच्या सरावाच्या वेळी त्या गोळा करा, अडकलेल्या वेगळ्या ठेवा आणि घरी भिंगाखाली पाहा. एवढी माहिती फुकट मिळत असताना लोक त्या झाडून टाकतात. कडेवर नखाची साधी खूण आणि बुडावर इजेक्टरची बारीक खोच दिसत असेल तर दोन्ही भाग आपापलं काम करत आहेत. अडकलेल्या पुंगळीच्या बुडावर इजेक्टरची खूणच नसेल तर ती तिथपर्यंत पोचण्याआधीच नखातून निसटली, आणि तेव्हा एक्स्ट्रॅक्टरवरचा संशय रास्त. कड ओरबाडलेली किंवा तुटलेली असेल तर गोष्ट वेगळी: पुंगळी चेंबरमध्ये चिकटून बसली होती आणि नखानं जोर लावताना कडच फाटली. अशा वेळी चेंबरची सफाई आणि काडतुसांचा दर्जा आधी पाहायचा. पुंगळीचं तोंड किंवा अंग चेपलेलं असेल तर ती बाहेर पडताना स्लाइडवर आपटत असते. पिस्तूल बिनतक्रार चालत असेल तर त्या चेपण्याची काळजी करू नका.

पुंगळ्या कुठे पडतात तेही बघा. बहुतेक पिस्तुलं उजवीकडे आणि थोडी मागे फेकतात. अपवाद आहेत, जुनं वॉल्थर पी38 डावीकडे फेकतं आणि तो त्याचा दोष नव्हे. तुम्हाला दिशेपेक्षा सातत्य पाहायचं आहे. सगळ्या पुंगळ्या एका ठिकाणी, पण अगदी पायाशी पडत असतील तर स्लाइड मंद आहे. कधी समोर, कधी कपाळावर, कधी दूर अशा विखुरत असतील तर नखाची पकड कमी-जास्त होते आहे असं समजा. फोनवरचं स्लो मोशन चित्रण इथे फार उपयोगी पडतं. फक्त फोन बाजूला, स्टँडवर आणि नेमबाजाच्या रेषेच्या मागे हवा.

आता पकड. हे ऐकायला कुणालाच आवडत नाही, मीही जरा जपूनच सांगतो. स्लाइड मागे जाते ती फ्रेमच्या तुलनेत. मनगट सैल असेल तर फ्रेमही स्लाइडबरोबर मागे आणि वर सरकते, आणि दोघांमधलं अंतर हवं तितकं वाढतच नाही. वजनदार पोलादी पिस्तूल स्वतःच्या जडपणामुळे हे निभावून नेतं, पण हलक्या, छोट्या, पॉलिमर फ्रेमच्या पिस्तुलाला तुमच्या हाताचा आधार लागतोच. दिवसाच्या शेवटच्या मॅगझिनांमध्ये अडकण्याचं प्रमाण वाढत असेल तर हात दमतो आहे हे उघड आहे. खात्री करायची पद्धत साधी: तेच पिस्तूल, तीच मॅगझिनं, त्याच पाकिटातली काडतुसं, आणि हात दुसऱ्या अनुभवी नेमबाजाचा. त्याच्या हातात चार-पाच मॅगझिनं सुरळीत गेली तर सुटे भाग मागवायची गरज नाही. अंगठाही तपासा. दोन्ही अंगठे पुढे ठेवण्याच्या पकडीत एखादा अंगठा स्लाइडला नकळत घासतो आणि तेवढा ब्रेक पुरेसा होतो.

काडतुसांचं बोलायचं तर 9 मिमीमध्ये सरावासाठी बहुधा 115 ग्रेन (गोळीच्या वजनाचं एकक) वजनाच्या गोळ्या वापरल्या जातात आणि त्यातल्या काही बऱ्याच सौम्य असतात. अनेक पिस्तुलांची स्प्रिंग मात्र 124 ग्रेनच्या जोमदार काडतुसांचा विचार करून ठरवलेली असते. नव्या पिस्तुलात, पहिल्या दोनेकशे फैरींपर्यंत, हा फरक जास्त जाणवतो. तुमचं पिस्तूल दोन हजारांवर आहे, त्यामुळे मी असं विचारेन: तक्रार सुरू झाली त्याच सुमारास काडतुसांचा ब्रँड किंवा लॉट बदलला होता का? एक पाकीट 124 ग्रेनचं, कारखान्यात भरलेलं, तुमच्या पिस्तुलाच्या पुस्तिकेत चालतं असं लिहिलेलं, घेऊन पाहा. त्यानं तक्रार गेली तर उत्तर मिळालं. काडतुसं पुन्हा भरून वापरत असाल तर आधी ती बाजूला ठेवा आणि कारखान्याच्या काडतुसांवर चाचणी घ्या. पुंगळी अनेकदा वापरली की तिची कड झिजते, नख जिथे बसतं ती कडेलगतची खाच बुजते, आणि मग दोष कुठे आहे हे कळेनासं होतं.

स्प्रिंगच्या बाबतीत दोन टोकांच्या चुका दिसतात. पहिली म्हणजे धक्का कमी बसावा म्हणून कुणी तरी जास्त कडक स्प्रिंग बसवून दिलेली असते. .45 च्या पूर्ण लांबीच्या 1911 ला 16 पौंडांची रिकॉइल स्प्रिंग ठरलेली आहे. तीच 9 मिमीच्या 1911 मध्ये बसवली तर सौम्य काडतुसांवर स्लाइड अर्ध्या वाटेतून परत फिरते. तुमचं पिस्तूल दुसऱ्याकडून आलेलं असेल तर आत मूळ स्प्रिंगच आहे का, हे जरूर पाहा. दुसरी चूक उलटी: स्प्रिंग वर्षानुवर्षं बदलायचीच नाही. थकलेल्या स्प्रिंगमुळे स्लाइड फार वेगानं मागे जाते, फ्रेमवर आपटते, पुंगळ्या लांब उडतात आणि वरचं काडतूस मॅगझिनमधून नीट उचललं जात नाही. सर्वसाधारण हिशेब 3000 ते 5000 फैरींना एक स्प्रिंग असा धरतात, छोट्या पिस्तुलांना त्याआधी. निर्मात्यानं वेगळा आकडा दिला असेल तर तोच खरा. हा एक सुटा भाग मी सगळ्यांना जादा घेऊन ठेवायला सांगतो.

घर्षण म्हणजे केवळ धूळ नव्हे. तुम्ही घातलेलं ते भरपूर तेलही यात येतं. जास्तीचं तेल जळक्या पावडरीची काजळी धरून ठेवतं, काही आठवड्यांत त्याचा चिकट थर होतो, आणि थंडीत तो थर आणखी जड होतो. शिवाय तेल वाहत वाहत फायरिंग पिनच्या भोकात आणि मॅगझिनमध्ये जातं, जिथे ते नकोच असतं.

तेव्हा सफाईबद्दल, जेवढं या तक्रारीशी संबंधित आहे तेवढं. मॅगझिन काढा, स्लाइड मागे अडकवा, चेंबर डोळ्यांनी पाहा आणि करंगळी घालून चाचपा. सगळी काडतुसं दुसऱ्या खोलीत. हे मी रीत म्हणून सांगत नाही: ग्लॉकसारखी काही पिस्तुलं सुटी करण्याआधी ट्रिगर दाबावा लागतो, आणि चेंबरमध्ये राहून गेलेलं काडतूस नेमकं त्या क्षणी उडतं. रिकामं करताना खिडकीवर तळहात ठेवून काडतूस झेलण्याची सवय असेल तर ती सोडा. भरलेलं काडतूस हातामुळे आतच अडकलं आणि त्याचा प्राइमर (बुडातला ठिणगी देणारा भाग) इजेक्टरच्या टोकावर आपटला तर ते उघड्यावर, तळहाताखाली फुटू शकतं. पडू द्या जमिनीवर, मग उचला.

पिस्तूल सुटं केल्यावर नळी चेंबरच्या बाजूनं साफ करा. चेंबरला नळीपेक्षा थोडा मोठा ब्रश लागतो हे अनेकांना माहीत नसतं. नळी आरशासारखी चकचकीत आणि चेंबरमध्ये काजळीचं कडं, असं चित्र मी नेहमी पाहतो, आणि पुंगळी चिकटते ती त्या कड्याला. स्लाइडचा आतला पुढचा पृष्ठभाग, जिथे पुंगळीचं बुड टेकतं, तो घासून घ्या. मग एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखाली सॉल्व्हंटचा थेंब टाकून लाकडी टूथपिकनं कोरा. तिथून पितळेचा भुसा आणि काजळीची जी घट्ट वडी निघते ती पाहून पहिल्यांदा सगळेच चकित होतात. नख पुंगळीच्या खाचेत पूर्ण बसू न देण्याचं काम ती वडी इमानेइतबारे करत असते. पोलादी सुई किंवा स्क्रूड्रायव्हर वापरू नका, नखाची धार मोडते.

तेल स्लाइडच्या रुळांवर प्रत्येकी एक थेंब, नळीच्या बाहेरच्या अंगावर जिथे घासल्याची चमक दिसते तिथे एक पुसट थर, आणि नळी झुकते त्या खालच्या भागावर थोडंसं. स्लाइड दहा-बारा वेळा हलवून बाहेर आलेलं पुसून टाका. मॅगझिन कोरडं. फायरिंग पिनचं भोक कोरडं. एक्स्ट्रॅक्टरखालीही तेल साठू देऊ नका. डब्ल्यूडी-40 नं ओलावा निघतो, पण वंगण म्हणून त्याच्यावर विसंबू नका. काम झाल्यावर हात साबणानं धुवा, कारण काजळीत शिशाचा अंश असतो.

सफाईला कंटाळणारे लोक 1911 च्या मार्चमधल्या अमेरिकी लष्करी चाचणीचा दाखला देतात: ब्राउनिंगच्या पिस्तुलातून दोन दिवसांत 6000 फैरी झाडल्या आणि ते एकदाही अडकलं नाही. खरं आहे. पण त्या चाचणीत दर 1000 फैरींनंतर पिस्तूल साफ करून तेल दिलं जात होतं, हा भाग सांगायचा राहून जातो.

इथवर येऊनही तक्रार कायम असेल तर मॅगझिन. सगळ्यांवर मार्करनं आकडे घाला आणि अडकलं की आकडा लिहून ठेवा. दोष एकाच मॅगझिनचा निघाला तर ते सरावातून बाद करा. मॅगझिनच्या तोंडाच्या वाकलेल्या ओठांमुळे वरचं काडतूस गरजेपेक्षा उंच बसतं आणि मागे येणाऱ्या पुंगळीला खालून ढकलून नखातून सोडवतं. मग एकेकच काडतूस भरून काही फैरी करा. खाली दुसरं काडतूस नसताना एक्स्ट्रॅक्टरला पुंगळी एकट्यानं धरून ठेवावी लागते. भरलेल्या मॅगझिनवर ठीक आणि एकट्या काडतुसावर अडकत असेल, तर नखाची पकड कमी झाली आहे.

आणि आता एक्स्ट्रॅक्टर. स्लाइड सुटी करून, नळी काढून, एक डमी, म्हणजे दारू नसलेलं नकली, काडतूस खालच्या बाजूनं नखाखाली सरकवा. खरं काडतूस या कामाला कधीच नको. स्लाइड हलकेच हलवली तरी डमी जागेवर राहिली तर पकड ठीक. लगेच गळून पडली तर कमी. बाहेरून दिसणाऱ्या, मागे छोटी स्प्रिंग असलेल्या एक्स्ट्रॅक्टरच्या काही पिस्तुलांत डमी मुळातच सैल बसते आणि पिस्तूल तरी उत्तम चालतं, म्हणून त्याच मॉडेलच्या चांगल्या पिस्तुलाशी तुलना करता आली तर उत्तम. 1911 मध्ये आतला एक्स्ट्रॅक्टर हा स्वतःच स्प्रिंग असतो. लांबट पोलादी पट्टी, किंचित बाक दिलेली. तो बाक उतरला की पकड गेली. तो पुन्हा देता येतो, पण ते अंदाजानं वाकवून पाहण्याचं काम नाही. ब्राउनिंगच्या हाय-पॉवर या पिस्तुलातही आधी आतला एक्स्ट्रॅक्टर होता, 1962 मध्ये तो बाहेरच्या प्रकारात बदलला.

नख तुटण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे चेंबरमध्ये हातानं काडतूस टाकून वरून स्लाइड सोडणं. मॅगझिनमधून येणाऱ्या काडतुसाची कड खालून नखाखाली सरकते. आधीच चेंबरमध्ये बसलेल्या काडतुसाच्या कडेवरून मात्र नखाला उडी मारून चढावं लागतं. काही पिस्तुलं ते सहन करतात, 1911 च्या आतल्या एक्स्ट्रॅक्टरला ते सोसत नाही. नख चेपलेलं किंवा टवका उडालेलं दिसलं तर बदला, आणि बाहेरच्या प्रकारात सोबतची स्प्रिंगही बदला. पुष्कळदा बदलायची असते ती फक्त स्प्रिंगच.

इजेक्टर सैल झालाय का, वाकलाय का, टोक तुटलंय का, एवढं पाहायचं. यातलं काही असेल तर तो बदलायचा. त्याची लांबी आणि टोकाचा कोन यावर पुंगळी कधी आणि कुठे उडणार हे ठरतं. कानशीनं काढलेला धातू परत लावता येत नाही.

.22 चं पिस्तूल वापरणाऱ्यांसाठी एवढंच, की तिथे नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकलेली नसतात, पुंगळी गॅसच्या दाबानंच मागे ढकलली जाते. गोळीवरचं मेण आणि शिसं चेंबरमध्ये लवकर साठतं. त्यामुळे त्यांच्या तक्रारींत पहिला संशय चेंबरवर आणि दुसरा काडतुसाच्या ब्रँडवर.

रेंजवर अडकलं तर काय करायचं, तेही सांगून टाकतो. बोट ट्रिगरबाहेर, नळी लक्ष्याकडे. पुंगळी खिडकीत उभी असेल तर मॅगझिनच्या बुडावर थाप द्या, स्लाइड पूर्ण मागे खेचून सोडा. पुंगळी चेंबरमध्येच राहून मागून दुसरं काडतूस घुसलं असेल तर स्लाइड मागे अडकवा, मॅगझिन ओढून काढा, दोन-तीनदा स्लाइड ओढा, चेंबर पाहा, मग पुन्हा भरा. ट्रिगर दाबून काहीच झालं नाही तर निदान 30 सेकंद नळी लक्ष्याकडेच धरून थांबा. आणि आवाज नेहमीपेक्षा फुसका आला, धक्का जाणवलाच नाही, तर स्लाइड खेचून पुढची फैर झाडण्याचा मोह आवरा. गोळी नळीतच अडकलेली असू शकते, आणि तिच्यामागे दुसरी झाडली तर नळी फाटते. अशा वेळी पुंगळीही बऱ्याचदा खिडकीत अडकते, म्हणून हे दोन प्रकार एकमेकांत मिसळू देऊ नका. पिस्तूल रिकामं करा, सुटं करा, नळीतून उजेड आरपार दिसतो का ते पाहा.

रिकामी पुंगळी चेंबरमध्ये घट्ट बसली असेल तर स्लाइड अडकवून, मॅगझिन काढून, तोंडाच्या बाजूनं क्लीनिंग रॉडनं हलकेच ढकला. आत काडतूस भरलेलं असण्याची जराही शक्यता असेल तर रॉड घालू नका, तसंच जाणकाराकडे द्या.

तुमच्या वर्णनावरून मी पैज लावायची तर सौम्य काडतुसं आणि नखाखालची काजळी, या जोडीवर लावीन. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदलानंतर किमान शंभर फैरी करा, कारण दोन मॅगझिनांमागे एकदा येणारी तक्रार वीस फैरींत गेली की आली ते कळत नाही. यातून उलगडा झाला नाही आणि पिस्तूल आर्मररकडे (शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याकडे) न्यावं लागलं, तर एकटं पिस्तूल नेऊ नका. सगळी मॅगझिनं, काडतुसांचं पाकीट, अडकलेल्या पुंगळ्या एका पिशवीत आणि नीट उडालेल्या दुसऱ्या पिशवीत, असं सगळं त्याच्यासमोर ठेवा.